आधी पाऊल मोजा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा शाळेच्या वाटचालीवर, किंवा इतिहासाचा शिक्षक या नात्याने एखाद्या ऐतिहासिक प्रसंगावर मी लिहावे, अशी त्यांची अपेक्षा असावी. वाटचालीवर लिहिणारे अधिकारी लेखक या अंकात अनेक आहेत. मी बुटांवर लिहिणार आहे. विषय ऐकून शिक्षकांच्या खोलीत दोघे-तिघे हसले, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून वसतिगृहामागील जुन्या कोठीघराची व्यायामशाळा झाली, तेथे वजने आली, बाक आले, एक ट्रेडमिलही आली. आता असा प्रस्ताव पुढे आला आहे की वसतिगृहातील सर्व मुलामुलींना व्यायामासाठी एकाच नामांकित कंपनीचे, एकाच प्रकारचे धावण्याचे बूट देण्यात यावेत. प्रस्तावामागील माया मी ओळखतो. ज्यांनी तो मांडला त्यांपैकी काहीजण माझ्या वर्गात बसलेले आहेत. तरीही मी त्याच्याशी सहमत नाही. असहमतीची कारणे बैठकीत पाच मिनिटांत मांडता येण्यासारखी नाहीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

रोज पहाटे वंदनेनंतर मुले व्यायामशाळेत येतात तेव्हा त्यांच्या पायांकडे पाहण्याची मला सवय लागली आहे. कोणाच्या पायांत गणवेशाचे काळे बूट असतात, कोणाच्या पायांत रबरी चपला. कोणी थोरल्या भावाचे उतरलेले, जाड गादीचे बूट घालून येतो आणि पुढच्या टोकाला कागदाचा बोळा कोंबतो. दोघे-चौघे अनवाणीच असतात. चपला घालून वजन उचलण्यास मी सक्त मनाई केली आहे. चपलेत पाऊल बांधलेले राहत नाही, आणि बोटांनी चपलेचा पट्टा धरून ठेवण्याच्या धडपडीत शरीराचा तोल जातो. एवढे कोणालाही पटते. खरी अडचण त्या जाड गादीच्या, रंगीत, महागड्या बुटांची आहे, कारण तेच सर्वांत चांगले असा मुलांचाही समज आहे आणि पालकांचाही.

हा समज कोठून आला याचा शोध घेताना बुटाचे आणि आपले नाते आठवल्यावाचून राहत नाही. ज्या हातांनी कातडे कमावले, वहाणा शिवल्या, त्याच समाजाच्या माणसाला गावच्या वेशीतून जाताना पायातल्या वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. ही आख्यायिका नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने ते भोगले आहे, आणि देशाच्या काही भागांतून तशा बातम्या आजही येतात. गावोगावच्या पुतळ्यांत बाबासाहेबांच्या पायांत बूट असतात. पुतळा घडवणारा कारागीर ते कधी विसरत नाही. ज्या पावलांवर वहाण घालण्याची बंदी होती, त्या पावलांत उत्तम बूट यावा ही इच्छा म्हणजे केवळ हौस नव्हे, याची मला जाणीव आहे. पहिला पगार हाती पडताच बापासाठी बुटांचा जोड घेणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. मात्र सन्मानासाठी घेतलेला बूट आणि खांद्यावर तीस किलो वजन घेऊन बैठक मारण्यासाठी घेतलेला बूट यांची कसोटी वेगवेगळी असते, हे आपण ध्यानात घेतलेले नाही.

आपल्या परंपरेत तर ही कसोटी फार जुनी आहे. विनयपिटकातील महावग्गात पादत्राणांवर एक अख्खा खंधक आहे. चंपानगरीच्या धनवान कुटुंबातील सोण कोळिविस हा तरुण संघात आला. त्याची पावले इतकी कोमल होती की त्यांच्या तळव्यांवर केस होते, आणि ती पाहण्यासाठी राजा बिंबिसाराने त्याला बोलावून घेतले होते. हा सोण राजगृहाजवळच्या शीतवनात चंक्रमण करू लागला, आणि एवढ्या निग्रहाने करू लागला की त्याचे पाय फुटून चालण्याची जागा रक्ताने माखली. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांचा दृष्टांत दिला, तो आपल्या मुलांना पाठ आहे. मात्र त्याच प्रसंगात तथागतांनी सोणाला एकपदरी तळाच्या वहाणा वापरण्याची अनुज्ञा दिली, हा भाग फारसा सांगितला जात नाही. सोणाने ती एकट्यासाठी घेण्यास नकार दिला. ऐंशी गाड्या भरतील एवढे धन सोडून आलेला मी, एका वहाणेत अडकलो असे लोक म्हणतील, असे त्याचे म्हणणे होते. सर्व भिक्खुसंघाला परवानगी मिळाली तरच मीही वापरीन, असे त्याने सांगितले, आणि तशी परवानगी सर्वांना मिळाली.

पुढे काय झाले ते इतिहासाच्या विद्यार्थ्याला अधिक रंजक वाटते. परवानगी मिळताच काही भिक्खू निळ्या, पिवळ्या, तांबड्या वहाणा घालू लागले. कोणी पिसे लावली, कोणी कातड्यांची नक्षी केली. तथागतांनी त्या सर्वांना मनाई केली. लाकडी खडावांच्या खडखडाटाने इतरांच्या ध्यानात व्यत्यय येतो, म्हणून त्याही बंद झाल्या. आणि अवंती प्रदेशातून दुसरा एक सोण, कुटिकण्ण, आपले गुरू महाकच्चान यांचा निरोप घेऊन आला. आमच्याकडील जमीन काळी, खरबरीत आणि गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे, तेव्हा एकपदरी तळ पुरत नाही, असा तो निरोप होता. अशा प्रदेशांसाठी अनेकपदरी तळाच्या वहाणांना अनुज्ञा मिळाली. पावसानंतर वाळलेल्या काळ्या रानातून जो अनवाणी चालला आहे त्याला हा निरोप समजावून सांगावा लागत नाही. जमीन बदलली, नियम बदलला. अडीच हजार वर्षांपूर्वी तळाची जाडी भिक्खूच्या प्रतिष्ठेवरून ठरली नाही. ती पायाखालच्या जमिनीवरून ठरली. मी व्यायामशाळेसाठी एवढेच मागतो आहे.

आता पायाखालची जमीन पाहू. धावताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात, आणि प्रत्येक पाऊल टेकते तेव्हा शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीचा धक्का पायावर येतो. तो शोषून घेण्यासाठी धावण्याच्या बुटाला फेसासारख्या मऊ पदार्थाचा जाड तळ असतो, आणि टाचेची बाजू चवड्यापेक्षा बहुतेक वेळा आठ ते बारा मिलिमीटर उंच असते. रस्त्यावर किंवा ट्रेडमिलवर ही रचना उपकारक आहे. वजन उचलताना मात्र पाय जमीन सोडतच नाहीत. तेथे शोषून घेण्यासारखा धक्का नसतो. तेथे हवा असतो टणक, न दबणारा आधार. कापसाच्या गादीवर उभे राहून धान्याचे पोते पाठीवर घेऊन पाहावे, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. हमाल असे कधीही करणार नाही. मऊ तळ वजनाखाली एकसारखा दबत नाही. एका बाजूला अधिक दबतो, घोटा आत किंवा बाहेर कलतो, त्यामागोमाग गुडघा कलतो, आणि शेवटी कंबर तो हिशेब चुकता करते. जितका बूट महाग आणि गादी जाड, तितका हा डळमळीतपणा अधिक.

म्हणून स्क्वॉट, डेडलिफ्ट, उभ्याने वजन डोक्यावर नेणे अशा व्यायामांना सपाट, पातळ आणि टणक रबरी तळाचा बूट उत्तम. तो आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. कवायतीच्या तासाला खडू फासून पांढरे करीत होतो, तेच कॅनव्हासचे बूट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची कृती सापडली, आणि त्यातून कापडी वरच्या भागाचा नि रबरी तळाचा हा खेळाचा बूट जन्मला. शंभर वर्षे जगभरच्या व्यायामशाळांत हाच होता. जाड गादी आली ती गेल्या शतकाच्या सत्तरीत, लोक रस्त्यांवर धावू लागले तेव्हा. आणि दुकानांतून तिने बाकीच्या साऱ्या बुटांना मागे ढकलले. स्पर्धेत वजन उचलणारे खेळाडू टणक आणि सुमारे दोन सेंटिमीटर उंच टाचेचा खास बूट वापरतात. त्याने खोल बैठकीत टाच जमिनीला टेकून राहते. आपल्या मुलांना त्याची गरज पडल्याचे मी तरी पाहिलेले नाही. ज्यांचे बालपण उकिडवे बसण्यात गेले त्यांची टाच सहसा उचलली जात नाही. शहरातून आलेल्या एक-दोन मुलांची उचलली जाते. त्यांना बुटापेक्षा घोट्याच्या सरावाचा उपयोग अधिक होईल.

कबड्डी, बॅडमिंटन, बाजूला उड्या मारण्याचे व्यायाम यांचीही गोष्ट निराळी आहे. धावण्याचा बूट पुढे जाण्यासाठी घडवलेला असतो. त्यात झटक्याने बाजूला वळले की उंच तळ कलंडतो आणि घोटा मुरगळतो. तेथे बुटका, कडेने घट्ट आणि पकड असलेल्या रबराचा तळ हवा. दोरीवरच्या उड्यांना चवड्याखाली थोडी गादी असल्यास बरे. आणि जोर, सूर्यनमस्कार, योगासने यांना बूट नकोतच. तळवा आणि बोटे जमिनीशी बोलतात ती बोलू द्यावीत.

अनवाणी व्यायामाचा अभिमान बाळगणारेही आपल्यात आहेत, विशेषतः तालमीत वाढलेले. त्यांना मी खाशाबा जाधवांचे स्मरण देतो. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल लाल मातीत घडला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवरच्या, पायांत बूट घालून खेळण्याच्या कुस्तीशी त्याची गाठ पडली आणि तो सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीत त्याने कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. मातीला अनवाणी पाय आणि मॅटला बूट, असा तो साधा हिशेब होता. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमला अनवाणी मॅरेथॉन जिंकला, ही गोष्ट भाषणांतून हमखास ऐकायला मिळते. तोच बिकिला १९६४ मध्ये टोकियोला बूट घालून धावला, पुन्हा सुवर्णपदक जिंकला, आणि पहिल्यापेक्षा तीन मिनिटांनी लवकर पोहोचला, हे मात्र भाषणांतून गळते. बूट टाकून देण्यात काही तपश्चर्या आहे, असे मुलांच्या मनात भरवू नये. आपल्या आधीच्या पिढ्यांनी अनवाणीपण निवडलेले नव्हते.

एवढे झाले प्रकाराविषयी. परंतु प्रस्तावाला माझा जो विरोध आहे त्याचे मुख्य कारण प्रकार नसून माप आहे, आणि येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका दात्याने मुलांसाठी बूट देऊ केले. यादी करण्याचे काम माझ्याकडे होते. परीक्षा जवळ आल्या होत्या, वेळ नव्हता. मी इयत्तेवरून अंदाजाने क्रमांक लिहिले. पाचवीला हे, आठवीला ते. वाटपाचा कार्यक्रम झाला, छायाचित्रे निघाली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. चार महिन्यांनी क्रीडादिनाच्या तयारीत आठवीतील एक मुलगी धावताना पाय वेडावाकडा टाकताना दिसली. बूट काढायला लावले तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडलेली, करंगळीवर कुरूप, आणि बोटे आत मुडपलेली. चार महिने ती दोन क्रमांक लहान बूट रोज घालत होती. का सांगितले नाहीस, असे मी विचारले. आवाज चढला असावा. ती म्हणाली, "सर, दान मिळालेले होते. नको कसे म्हणायचे?"

मला उत्तर सुचले नाही. मिळालेल्या वस्तूविषयी तक्रार करू नये, हे शिक्षण आपणच आपल्या लेकरांना देतो, आणि गरिबीत वाढलेल्या मुलाच्या अंगी ते न शिकवताही असते. म्हणून मुले स्वतःहून सांगतील यावर विसंबून चालणार नाही. त्यानंतर मी वर्गागणिक विचारपूस केली, तेव्हा घट्ट बुटांपेक्षा सैल बुटांची संख्या अधिक निघाली. 'वाढत्या पायाचे' म्हणून दोन क्रमांक मोठे घेण्याची आपल्या घरांतील रीत त्याला कारण. ती रीत का पडली ते सांगायला नको. मीही तशाच बुटांत दहावी झालो. पण सैल बुटात पाऊल पुढे-मागे सरकते, फोड येतात, आणि हातात वजन असताना पाऊल सरकणे धोक्याचे असते.

माप घेणे कठीण नाही. सायंकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाऊल किंचित फुगते. मुलाला कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे करावे, पेन्सिल सरळ धरून कडेने रेघ काढावी. दोन्ही पावले मोजावीत. एक थोडे मोठे असणे अगदी नेहमीचे आहे, आणि बूट मोठ्याच्या मापाने घ्यावा. लांबी टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत धरावी, ते बोट अंगठाच असेल असे नाही. बूट घालून, मोजे घालून, उभे राहिल्यावर त्या बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरावी, आणि चालताना टाच उचलू नये. रुंदीकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते. दुकानातला इंग्रजी पद्धतीचा क्रमांक केवळ लांबी सांगतो. एका क्रमांकात एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो. (ही पद्धत जवाच्या दाण्याच्या लांबीवरून आली. सातवीच्या मुलांना हे सांगितले की ती मापाचा तास विसरत नाहीत.) आपल्याकडे येणारी अनेक मुले दहा-अकरा वर्षांची होईतो अनवाणी किंवा चपलेत वावरलेली असतात. त्यांची बोटे मोकळी पसरलेली, चवडा रुंद असतो. अरुंद टोकाच्या बुटात लांबी बरोबर असूनही ती आवळली जातात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांची पावले यंत्राने मोजली. भारतीय पावले तुलनेने रुंद आढळली, आणि त्यावरून 'भ' नावाच्या भारतीय मापपद्धतीचा प्रस्ताव पुढे आला आहे. ती दुकानांत रुजेपर्यंत आपण कागद आणि पेन्सिल वापरू. 'वापरून सैल होतील' या दुकानदाराच्या वाक्यावर विश्वास ठेवू नये. पहिल्या दिवशी बोचणारा बूट व्यायामाचा नव्हे.

दुकानात आणखी दोन गोष्टी हाताने पाहता येतात. बूट वाकवला असता तो चवड्याच्या ठिकाणी वाकावा. मधोमध दुमडत असेल तर परत ठेवावा. टाचेचा मागचा भाग दोन बोटांनी दाबावा, तो सहज चेपता कामा नये. मोज्यांविषयी एवढेच की ते रोज धुतलेले असावेत आणि ओले बूट तसेच पायांत घालू नयेत, अन्यथा पावसाळ्यात अर्ध्या वसतिगृहाला चिखल्या होतात. आणि कोणताही कापडी बूट पायावर पडणाऱ्या लोखंडी चकतीपासून वाचवत नाही. तेथे शिस्तच उपयोगी पडते.

माझा पर्याय असा. ज्या रकमेत एका मुलासाठी नामांकित धावण्याचा एक जोड येतो, त्या रकमेत साध्या सपाट कॅनव्हासचे तीन जोड तरी सहज येतात. एकदम द्यायचे नाहीत. एक आता, दुसरा पाऊल वाढल्यावर, आणि उरलेल्या पैशांत मोजे. जी मुले नियमित धावतात, जिल्हास्तरावर उतरतात, त्यांना धावण्याचेच बूट द्यावेत, आणि चांगले द्यावेत. त्यांचा तळ पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर मऊपणा गमावतो, तेव्हा ते बदलण्याचीही तरतूद असावी. लहान झालेले पण धड असलेले जोड धुऊन-वाळवून व्यायामशाळेतल्या फळीवर क्रमांकानुसार ठेवता येतील.

यावर एका माजी विद्यार्थ्याने मला दूरध्वनीवर जे म्हटले ते मी टाळणार नाही. तो आज मोठ्या हुद्द्यावर आहे आणि शाळेसाठी सढळ हाताने देतो. तो म्हणाला, "सर, आम्ही स्वस्तातले घातले ते पुरे झाले. या मुलांनी तरी शहरातल्या मुलांसारखे बूट घालावेत." त्याच्या आवाजात जे होते त्याला उत्तर देण्याइतका मी शहाणा नाही. शहरातल्या मुलांसमोर स्पर्धेला जाताना पायांतल्या बुटांकडे पाहून आपल्या मुलाची मान खाली जाते, हे मी मैदानावर उभे राहून पाहिले आहे. स्पर्धेच्या दिवसासाठी वेगळा विचार करावा लागेल, हे मला मान्य आहे, आणि तो मुद्दा समितीने जरूर घ्यावा. पण पहाटे साडेपाचला, कोणी पाहत नसताना, खांद्यावर बारबेल घेतलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या घोट्याला त्या बुटाचे नाव वाचता येत नाही. त्याला मी तेही सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "माप घेऊन कळवा, मग बोलू."

तेव्हा मोजणी करायची आहे. पुढील महिन्याच्या दोन्ही शनिवारी, सायंवंदनेनंतर, कवायतीच्या सभागृहात. प्रत्येक मुलाच्या नावाने एक कागद राहील, त्यावर दोन्ही पावलांची रेघ, लांबी, चवड्याची रुंदी आणि तारीख; सहा महिन्यांनी त्याच कागदावर दुसऱ्या रंगाने पुन्हा. ती मुलगी आता बारावीत आहे, मुलींच्या रांगेचे काम तिने मागून घेतले आहे. मुलांच्या रांगेसाठी गुडघे मोडून जमिनीवर बसू शकतील असे दोन-तीन जण हवे आहेत. माझे गुडघे आता तासाभरापलीकडे साथ देत नाहीत.